कायोटी, लांडगा आणि एकाच रायफलीचा प्रश्न

सप्टेंबर उजाडला की ओळखीपाळखीतले कोणी ना कोणी मला हटकून विचारते, की कायोटी आणि लांडगा या दोन्हींसाठी चालेल असे एक कॅलिबर कोणते. विचारणाऱ्याला एका आकड्याचे उत्तर हवे असते आणि मी अर्धा तास बोलत बसतो, त्यामुळे बहुतेक जण पुढच्या वर्षी दुसऱ्या कोणाला तरी विचारतात. अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात राहायला येऊन मला बारा वर्षे झाली. त्यातली पहिली काही वर्षे मीसुद्धा एका आकड्याचेच उत्तर शोधत होतो, म्हणून त्यांच्यावर रागावण्याचा मला अधिकार नाही. बोलण्यात जे अर्धवट राहते ते एकदा सविस्तर लिहून ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

आधी प्राण्यांविषयी, कारण सगळा हिशेब तिथूनच सुरू होतो. कायोटी हे अमेरिकेतले कुत्र्याच्या कुळातले रानटी जनावर, त्याला मराठीत नाव नाही. कोल्हा म्हणावे तर तो थोराड आणि लांडगा म्हणावे तर किरकोळ. आमच्या भागातला पूर्ण वाढलेला कायोटी साधारण १० ते १६ किलोंचा असतो. हिवाळ्यातल्या दाट केसांमुळे तो दुर्बिणीतून बराच मोठा दिसतो, पण केस बाजूला सारले तर आत अंगापिंडाने लहानच जनावर असते, आणि हृदय व फुप्फुसे ज्या जागी असतात ती जागा चार इंचांच्या वर्तुळापेक्षा फार मोठी नसते. लांडगा हे वेगळेच प्रकरण आहे. रॉकी पर्वताच्या या उत्तर भागातला नर सरासरी ४५ किलोंच्या आसपास भरतो, मादी त्याहून थोडी हलकी असते. म्हणजे वजनाने तो इथल्या प्राँगहॉर्नच्या, म्हणजे हरणासारख्या दिसणाऱ्या माळावरच्या प्राण्याच्या तोडीचा आहे, आणि प्राँगहॉर्नवर कोणी कायोटीची गोळी चालवत नाही. कायद्याच्या दृष्टीनेही दोघांत अंतर आहे. मोंटानात कायोटीची गणना उपद्रवी भक्षकांत होते आणि त्याची शिकार वर्षभर चालते. लांडगे १९९५ आणि १९९६ मध्ये कॅनडातून आणून यलोस्टोन आणि मध्य आयडाहोत सोडले गेले. मोंटाना व आयडाहोत २०११ मध्ये त्यांचे केंद्रीय संरक्षण निघाले, आणि तेव्हापासून इथे लांडग्यासाठी स्वतंत्र परवाना, ठरलेला हंगाम आणि संख्येची मर्यादा असते. या राज्यांच्या सीमा ओलांडल्या की लांडग्याला गोळी घालणे हा बहुतेक ठिकाणी गंभीर गुन्हा ठरतो. म्हणून कायोटीवर नेम धरणाऱ्या माणसाला समोरचे जनावर कायोटीच आहे हे ओळखता आले पाहिजे, आणि ही ओळख कोणतेही काडतूस करून देत नाही.

आता शब्दांचा एक घोळ निस्तरू. कॅलिबर म्हणजे गोळीचा किंवा नळीचा व्यास, आणि नुसत्या व्यासाने जवळजवळ काहीच कळत नाही. .२२३ रेमिंग्टन आणि .२२-२५० रेमिंग्टन या दोन्ही काडतुसांतून एकाच व्यासाची, म्हणजे .२२४ इंचांची गोळी सुटते, पण पहिल्यात सुमारे २५ ग्रेन बंदुकीची दारू मावते आणि दुसऱ्यात ३५ ते ३८ ग्रेन. त्यामुळे ५५ ग्रेनची तीच गोळी पहिल्या काडतुसातून सेकंदाला सुमारे ३,२४० फूट वेगाने निघते आणि दुसऱ्यातून ३,६८० फूट वेगाने. ग्रेन हे वजनाचे जुने माप आहे. एका पौंडात ७,००० ग्रेन बसतात, म्हणजे ५५ ग्रेनची गोळी साडेतीन ग्रॅमांची झाली. लोक ‘कॅलिबर कोणते’ असे विचारतात तेव्हा त्यांना काडतूस कोणते हे विचारायचे असते, आणि माझ्या मते खरे तर त्यांनी गोळी कोणती हे विचारायला हवे. ते पुढे येईलच.

केवळ कायोटीचा विचार केला तर निवड अवघड नाही. बहुतेक जण जखमी सशाच्या आवाजाची शिट्टी वाजवून कायोटीला जवळ बोलावतात. सेजची झुडपे आणि घळी असलेल्या मुलखात तो ५० ते २०० यार्डांत (एक यार्ड म्हणजे तीन फूट) येऊन उभा राहतो, आणि तेवढ्या अंतरासाठी .२२३ पुरेसे आहे. त्याची काडतुसे कोणत्याही दुकानात मिळतात, या गटात सर्वांत स्वस्त पडतात, नळी लवकर झिजत नाही, आणि धक्का इतका कमी बसतो की गोळी लागताना दुर्बिणीतून दिसते. हा शेवटचा गुण नवशिक्यांना क्षुल्लक वाटतो, पण पहिली गोळी चुकली तर ती कुठे पडली हे ज्याला दिसते तोच दुसरी नीट मारू शकतो. मोकळ्या माळावर, जिथे कायोटी ३०० यार्डांवरच थबकून संशयाने पाहत राहतो, तिथे .२२-२५० चा जास्तीचा वेग उपयोगी पडतो. दोन्ही रायफली २०० यार्डांवर गोळी नेमक्या नेमावर लागेल अशा जुळवल्या तर ३०० यार्डांवर .२२३ ची गोळी सुमारे ७ इंच खाली येते आणि .२२-२५० ची ५ ते ६ इंच. हा फरक ऐकायला थोडा वाटतो, पण चार इंचांच्या लक्ष्यावर तो थोडा नाही. त्याची किंमत नळी मोजते, कारण एवढी दारू इतक्या अरुंद भोकातून जाताना नळीचा मागचा भाग भाजून काढते. २००४ मध्ये आलेल्या .२०४ रुगरचीही इथे चाहत्यांची मोठी फळी आहे. ३२ ग्रेनची इवलीशी गोळी ते सेकंदाला ४,००० फुटांहून अधिक वेगाने फेकते. वारा नसलेल्या सकाळी ते फार गोड काडतूस आहे, पण आमच्या भागात वारा नसलेली सकाळ हिवाळ्यात बोटांवर मोजण्याइतकीच येते.

कायोटीच्या गोळीविषयी मात्र थोडे थांबून बोलले पाहिजे. या कामासाठी बनवलेल्या गोळ्यांचे तांब्याचे आवरण पातळ असते, आत शिशाचा गाभा असतो आणि पुढे बहुधा प्लास्टिकचे टोक असते. अंगात शिरताच ते टोक मागे दाबले जाते, आवरण फुटते आणि सगळी गोळी दोन-तीन इंचांत तुकडे तुकडे होते. छातीच्या नेमक्या जागी लागली तर जनावर जागीच कोसळते, दुसऱ्या बाजूला भोक पडत नाही, आणि कातडे विकणाऱ्याला शिवणकाम करावे लागत नाही. गुरांच्या आसपास शिकार करणाऱ्याला आणखी एक फायदा असा, की अशी गोळी जमिनीवर आपटूनही बहुधा फुटतेच, त्यामुळे दगडावरून उडून भलतीकडे जाण्याचा धोका पुष्कळ कमी होतो. पण हाच गुण जागा चुकली की दोष ठरतो. माझ्या तिसऱ्या हिवाळ्यात मी ४० ग्रेनच्या अशाच गोळीने एका कायोटीला तिरका उभा असताना खांद्यावर मारले. गोळी खांद्याच्या हाडावर फुटली, वरवर तळहाताएवढी भयानक जखम झाली, आणि आत काहीच पोहोचले नाही. बर्फातल्या मागावरून चालत दुसऱ्या गोळीने त्याला संपवायला मला पाऊण तास लागला. त्या पाऊण तासात मी काडतुसाला दोष दिला, रायफलीला दिला, वाऱ्यालाही दिला. गोळीच्या बांधणीचा विचार घरी परतल्यावर मनात आला. तेव्हापासून .२२३ मध्ये मी ५० ते ५५ ग्रेनपेक्षा हलकी गोळी वापरत नाही.

हे सगळे नीट बसले असे वाटत होते, तोवर एका फेब्रुवारीत मी शेजारच्या कुरणाच्या कडेला बसून सशाची शिट्टी वाजवत असताना समोरच्या उतारावर एक काळा लांडगा येऊन उभा राहिला. अंतर मापकात २६० यार्ड भरले. परवाना माझ्या खिशात होता, हंगाम चालू होता, जनावर आडवे उभे होते आणि मागे मातीचा चढ होता, म्हणजे गोळी चालवायला हवी ती सगळी परिस्थिती जुळून आली होती. हातात .२२३ होती आणि तिच्यात ५० ग्रेनची ती पटकन फुटणारी गोळी. त्या गोळीची ऊर्जा तेवढ्या अंतरावर नळीपाशी असते त्याच्या निम्म्यावर आलेली असते. तिने लांडग्याच्या दाट केसांतून, जाड कातड्यातून आणि स्नायूंतून छातीच्या आत पोहोचायचे होते. तो मिनिटभर माझ्या दिशेने पाहत राहिला आणि मग घाई न करता झाडीत गेला. मी गोळी मारली नाही. संध्याकाळी मी हे शेजारच्या वयस्कर पशुपालकांना सांगितले तेव्हा ते एवढेच म्हणाले, “मारली नाहीस हे बरे केलेस, पण लांडग्याचा परवाना घेऊन कायोटीची बंदूक का नेलीस ते सांग.” त्यांच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते.

माझे म्हणणे त्या संध्याकाळी ठरले. खिशात दोन्ही जनावरांची मुभा असेल तर रायफल मोठ्या जनावरासाठी निवडावी आणि लहान जनावराच्या कातड्याचे नुकसान सोसावे. उलट हिशेब जुळत नाही, कारण कायोटीवर गोळी जास्त झाली तर फक्त कातडे फाटते, पण लांडग्यावर ती कमी पडली तर जनावर जखमी होऊन मैलोन्‌मैल जाते आणि कुठल्या तरी घळीत दोन दिवसांनी मरते. शिवाय कातड्याचे अर्थकारणही आता पूर्वीचे राहिलेले नाही. कॅनडा गूज या कंपनीने कोटांच्या टोप्यांना कायोटीची फर लावणे बंद करण्याची घोषणा २०२१ मध्ये केली. तिच्या मागणीवर भिस्त ठेवून कातडी गोळा करणारे जे लोक होते, त्यांना आता एका भोकाची फिकीर करण्याचे कारण उरलेले नाही.

मग लांडग्यासाठी किती हवे? शिकारी लोक इथे उगाच फुगवून बोलतात. लांडग्याच्या नावाभोवती जे वलय आहे त्यामुळे मॅग्नम, म्हणजे जास्त दारूच्या जोरदार काडतुसांशिवाय बोलणे सुरूच होत नाही. प्रत्यक्षात लांडग्याची छाती अरुंद असते. समोरून पाहिले तर तो आश्चर्य वाटावे इतका चिंचोळा दिसतो, आणि आडव्या उभ्या लांडग्याच्या खांद्यामागची मर्माची जागा वीतभर भरते. ४५ किलोंच्या हरणासाठी जे पुरते ते त्यालाही पुरते. मोंटाना-आयडाहोत कित्येक लांडगे मुळात एल्क (मोठ्या जातीचे हरीण) किंवा हरणाच्या शिकारीला गेलेल्या माणसांना अवचित भेटतात आणि त्याच रायफलीने मारले जातात, म्हणजे .२७० विंचेस्टर, .३०८ विंचेस्टर किंवा .३०-०६ ने. या काडतुसांना लांडगा जड जाण्याचा प्रश्नच नाही. प्रश्न एवढाच, की तीच रायफल घेऊन दिवसभर कायोटीच्या मागे फिरायचे का. .२७० चा धक्का .२२३ च्या पाचपट भरतो. गोळी सुटताच दुर्बिणीतले चित्र उडते आणि कायोटी पडला की पळाला हे सोबत्याला विचारावे लागते. मी बहुधा एकटाच जातो.

म्हणून मी .२४३ विंचेस्टरकडे वळलो, आणि त्या काडतुसाचा इतिहासच या प्रश्नावर बेतलेला निघाला. १९५५ मध्ये विंचेस्टरने .३०८ चे कवच तोंडाशी आवळून त्यात ६ मिलिमीटरची गोळी बसवली. उपद्रवी लहान प्राणी आणि हरिण ही दोन्ही कामे एकाच रायफलीने व्हावीत, हा त्यामागचा विचार होता. त्याच वर्षी रेमिंग्टनने त्याच व्यासाचे .२४४ रेमिंग्टन बाजारात आणले. कवच थोडे मोठे, वेग थोडा अधिक, म्हणजे कागदावर तेच सरस. पण रेमिंग्टनने ते मुख्यतः लहान प्राण्यांसाठी धरले होते आणि नळीतल्या आट्यांना, म्हणजे गोळीला गिरकी देणाऱ्या आतल्या वळणदार खाचांना, १२ इंचांत एक फेरा एवढाच पीळ दिला होता. विंचेस्टरचा फेरा १० इंचांत पुरा होत होता, त्यामुळे त्यांची रायफल १०० ग्रेनची लांब गोळी नीट फिरवत असे, आणि रेमिंग्टनची हलक्या गोळ्यांवर अडते अशी गिऱ्हाइकांची समजूत झाली. हरणासाठी १०० ग्रेन हवेत असे मानणारा माणूस .२४३ घेऊन घरी गेला. रेमिंग्टनने १९६३ मध्ये पीळ वाढवून तेच काडतूस ६ मिलिमीटर रेमिंग्टन या नावाने पुन्हा आणले, पण तोवर वेळ निघून गेली होती. व्यास तोच आणि कवच सरस असूनही केवळ आट्यांच्या पिळावर एक काडतूस मागे पडले. कॅलिबरचा आकडा विचारणाऱ्यांना मी ही गोष्ट मुद्दाम सांगतो.

पिळाचा मुद्दा आजही जुना झालेला नाही. गोळी हवेत स्थिर राहण्यासाठी किती वेगाने फिरावी लागते हे वजनापेक्षा तिच्या लांबीवर ठरते. .२२-२५० च्या रायफलींना वर्षानुवर्षे १४ इंचांत एक फेरा असाच पीळ देत आले आहेत, आणि अशा नळीतून ५५ ग्रेनच्या आसपासच्या आखूड गोळ्याच सरळ जातात. निखळ तांब्याची गोळी शिशाच्या तेवढ्याच वजनाच्या गोळीपेक्षा लांब असते, कारण तांबे हलके. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून कोणत्याही वन्य प्राण्यावर शिशाची गोळी चालवायला बंदी आहे. तिथे जुनी .२२-२५० घेऊन कायोटीला जाणाऱ्याला त्यामुळे हलकी, आखूड तांब्याची गोळी शोधावी लागते किंवा नळी बदलावी लागते. जुनी रायफल विकत घेताना नळीवर पीळ कोरलेला नसेल तर सफाईच्या सळईला घट्ट चिंधी बसवून, सळईवर खूण करून, एक पूर्ण फेरा होईपर्यंत ती किती इंच आत जाते हे मोजावे. पाच मिनिटांचे काम आहे.

माझ्या .२४३ मधून १०० ग्रेनची गोळी सेकंदाला २,९६० फुटांच्या आसपास निघते. .२२३ ची नळीपाशी ऊर्जा सुमारे १,२८० फूट-पौंड भरते, हिची १,९४० च्या पुढे जाते. पण माझा कल ठरला तो वाऱ्यामुळे. ताशी १० मैलांचा आडवा वारा ५५ ग्रेनच्या .२२३ ला ३०० यार्डांवर १० इंचांहून थोडे अधिक ढकलतो आणि १०० ग्रेनच्या .२४३ ला साधारण ७ इंच. २००७ मध्ये आलेले ६.५ क्रीडमूर १४३ ग्रेनच्या लांबुळक्या गोळीने हा आकडा ५ इंचांवर आणते, आणि केवळ लांडग्याच्या मागे दऱ्या ओलांडत फिरणाऱ्या माणसाला मी तेच घ्यायला सांगेन. वाऱ्याचा अंदाज प्रत्येकाचा चुकतो. कमी वाहून जाणारी गोळी त्या चुकीला थोडी माफी देते. वेगाचे वेड असलेल्यांना हे पटत नाही, कारण वेग डब्यावर छापलेला असतो आणि वारा छापलेला नसतो.

.२४३ घेतल्यावर मी एक हुशारी केली, ती सांगितली पाहिजे. कायोटीसाठी ५८ ग्रेनची पटकन फुटणारी गोळी आणि लांडग्यासाठी १०० ग्रेनची टणक गोळी, अशी दोन्ही काडतुसे मी वेगवेगळ्या खिशांत ठेवू लागलो. एका रायफलीच्या दोन रायफली झाल्या असे मला वाटले. माझ्या नळीतून हलकी गोळी १०० यार्डांवर जड गोळीपेक्षा अडीच इंच वर आणि एक इंच डावीकडे लागते, हे मी कागदावर मारून पाहिलेही होते, वहीत लिहूनही ठेवले होते. तरी नोव्हेंबरातल्या एका संध्याकाळी १८० यार्डांवर नुसता बसलेला कायोटी मी साफ चुकवला, कारण नळीत कोणते काडतूस आहे याचा मला विसर पडला होता. गारठलेल्या बोटांनी आणि धडधडत्या छातीने माणूस वहीतले आकडे आठवत नाही. त्यानंतर एका रायफलीत एकच गोळी, हा नियम मी मोडलेला नाही.

ती एक गोळी निवडताना मी कातड्याचा विचार सोडून दिला. सध्या ८० ग्रेनची निखळ तांब्याची गोळी वापरतो. ती फुटत नाही, पुढून फुलासारखी उमलते आणि सरळ आरपार जाते. कायोटीवर ती कधी कधी इतकी न उमलता निघून जाते की जनावर ३०-४० यार्ड धावून मग पडते. हे मला पूर्ण पसंत नाही, पण तेवढे मी सोसतो. लांडग्यावर दोन भोके पडतात, आणि बर्फात रक्ताचा माग हवा असेल तर दोन भोके हवीतच. आरपार जाणारी गोळी पुढे कुठे थांबणार हे मात्र प्रत्येक वेळी पाहावे लागते. कायोटीची फुटणारी गोळी वापरताना जी थोडी सैल सवय लागलेली असते ती इथे चालत नाही. मागे मातीचा चढ नसेल तर मी चापावर बोट ठेवत नाही.

जाता जाता थंडीविषयी, कारण लांडग्याचा खरा मोसम कडाक्याच्या थंडीचा आहे आणि रायफल लोक सप्टेंबरच्या उन्हात जुळवतात. उणे २० अंशांत दारू थोडी मंद जळते, वेग उतरतो, आणि लांब अंतरावर गोळी ओळखीच्या जागेपेक्षा खाली लागते. बोल्टमधले, म्हणजे नळीमागच्या सरकत्या खिटीतले, जाड तेल गोठून घोड्याचा मार मऊ पडतो आणि काडतूस पेटतच नाही, हेही मी अनुभवले आहे. आता जानेवारीत एकदा, रायफल रात्रभर बाहेरच्या पडवीत ठेवून, तेल जवळजवळ पुसून टाकून, पहाटेच्या गारठ्यात मी १००, २०० आणि ३०० यार्डांवर तीन-तीन गोळ्या मारतो. मिळालेले आकडे कागदाच्या पट्टीवर लिहून ती दस्त्याला आतल्या बाजूने चिकटवतो. गेल्या जानेवारीची पट्टी अजून तिथेच आहे. ३०० यार्डांपुढे लिहिलेला आकडा सप्टेंबरच्या आकड्यापेक्षा दीड इंचाने खाली आहे.